न पेंगणाऱ्या ड्रायव्हरची सुट्टी

पेणला रामवाडीत, हायवेपासून हाकेच्या अंतरावर, मितेशशेटचं ट्रान्सपोर्ट आहे. गेटवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे, ‘घरी कुणीतरी वाट बघतंय, सावकाश जा.’ पाटी शेटच्या वडिलांच्या काळातली. तेव्हा ती खरी असावी. हल्ली त्याच पाटीखाली खुर्ची टाकून मितेशशेट फोनवर बोलत असतो, आणि त्याचं बोलणं साधारण एकाच धाटणीचं असतं. “कुठं पोचला? अजून तिथंच? झोपला व्हता काय?”

कान्हू या शेटच्या वडिलांपासूनचा ड्रायव्हर. गाव खाडीकाठच्या खारेपाटातलं, बाप मिठागरावर राबून राबून पायाला भेगा पडून गेला, म्हणून कान्हूने मिठाऐवजी स्टिअरिंग धरलं. इतक्या वर्षांत त्याच्या गाडीखाली कोंबडीसुद्धा आली नव्हती, आणि ही गोष्ट तो चारचौघांत दोनदा तरी सांगायचाच. मितेशशेटचं काम अडलं की कान्हू ‘कान्हूदादा’ व्हायचा, काम झालं की ‘ए कान्हू’. कामापुरता मामा म्हणतात तो हाच, फक्त इथे मामाला गाडीही चालवावी लागायची.

शेटचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे रोह्याची एक रंगाची कंपनी. तिथून कपड्यांच्या रंगाचे ड्रम भरायचे आणि थेट तमिळनाडूत तिरुपूरला टाकायचे. कायद्यात लिहिलंय की ड्रायव्हरने दिवसाला आठ तासांच्या वर गाडी चालवायची नाही. कायदा लिहिणाऱ्याला साष्टांग नमस्कार, त्याचा ट्रान्सपोर्टवाल्याशी संबंध आला नसणार. पण रोह्याची कंपनी परदेशात माल पाठवते, आणि परदेशातल्या गोऱ्यांना म्हणे आपल्या शर्टाचा रंग वाहून नेणारा माणूस झोपलेला होता की नाही याची फार काळजी असते. म्हणून कंपनीने नियम केला, लांबच्या गाडीवर दोन ड्रायव्हर हवेत. एकाने आठ तास चालवायचं, तोवर दुसऱ्याने झोपायचं.

नियम पाळला जातोय की नाही हे बघायला कंपनीने प्रत्येक केबिनमध्ये, काचेच्या वर, एक कॅमेरा बसवला. त्याला ड्रायव्हर लोक ‘सासू’ म्हणायचे. सासूला दोन ड्रायव्हरांचे चेहरे ओळखता यायचे. पाळी बदलली की बटण दाबायचं. मग ज्याची पाळी असेल त्याच्या डोळ्यांवर ती नजर ठेवायची आणि पापणी जरा जड झाली की हिंदीत करवादायची, “चालक सो रहा है! कृपया विश्राम करें!” पाळी ज्याची, तो नेमका स्टिअरिंगवरच बसलाय का, हे कळण्याइतकी अक्कल मात्र तिला दिलेली नव्हती. त्या अकलेचे वेगळे पैसे पडत होते.

सुरुवातीला सगळं नियमाने झालं. कान्हूबरोबर काळुराम नावाचा दुसरा ड्रायव्हर होता, गुणाचा माणूस. दोघं आलटून पालटून चालवायचे, आलटून पालटून घोरायचे. हे सुख शेटला बघवलं नाही. गाडी एक आणि माणसं दोन, त्यातला एक पगारी झोपतोय, म्हणजे डोळ्यांदेखत लूटच की! दसरा होताच काळुरामला नारळ मिळाला. आणि त्याच्या जागी मितेशशेटने जो ड्रायव्हर आणला, तसा ड्रायव्हर अख्ख्या रायगड जिल्ह्यात कुणी पाहिला नसेल.

तो ड्रायव्हर पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात तयार झाला.

गाव पेण, तिथे ही गोष्ट अवघड कशी असणार? प्रणित नावाचा एक तरुण मूर्तिकार शेटच्या ओळखीचा. शेटने त्याला ऑफिसात पडलेला एक फोटो दिला आणि सांगितलं, असाच्या असा चेहरा पाहिजे, फायबरचा, धक्क्याने न फुटणारा. फोटो होता निसीमकाकांचा. निसीमकाका म्हणजे थोरल्या शेटच्या वेळचे ड्रायव्हर, रोह्याजवळच्या अष्टमीचे. आपल्या कोकणातले जुने ज्यू लोक बहुतेक इस्रायलला निघून गेले, त्यांतून मागे राहिलेल्या मूठभरांपैकी एक. काकांनी गाडी सोडली होती, पण लायसन्स हौसेने दर खेपेला नवं करून घ्यायचे, आणि त्याची प्रत ऑफिसात होती. शेटला तेवढं पुरेसं होतं. खरा माणूस रोह्यात भाजी निवडतोय आणि त्याचं लायसन्स तिरुपूरला चाललंय, यात त्याला काही वावगं वाटलं नाही.

प्रणितने चेहरा झकास केला. पांढऱ्या मिशा, गालावरचा तीळ, कपाळावरच्या आठ्या, सगळं हुबेहूब. पण हात पडला पेणचा. जन्मभर गणपतीचे डोळे आखलेला माणूस, त्याला दुसरे डोळे येणार कुठून? त्याने सवयीने तेच लांबट, पाणीदार, शांत डोळे आखले. सोंड नाही काढली हेच नशीब. हा चेहरा मग एका कपड्याच्या दुकानातल्या जुन्या पुतळ्यावर बसवला, त्याला शर्ट चढवला आणि कान्हूच्या शेजारच्या सीटवर पट्टा लावून बसवून दिला. सासूने त्याच्याकडे पाहिलं, क्षणभर विचार केला आणि त्याला चालक क्रमांक दोन म्हणून पसंत केलं.

“काम फत्ते!” शेट म्हणाला. “कान्हूदादा, आता तुझे आठ तास झाले की बटण दाबायचं. मग ड्युटी ह्याची.”

“आणि गाडी?”

“गाडी तूच चालवायची ना! तो बाहुला हाय, तो कशी चालवंल?” शेटला कान्हूच्या बुद्धीची कीव आली.

गेटाबाहेर चार पोरं लायसन्स घेऊन उभीच असतात हे शेट त्याला महिन्यातून एकदा ऐकवायचा, आणि कान्हूच्या धाकट्या मुलीचं, प्रतिक्षाचं, नर्सिंगचं शेवटचं वर्ष चालू होतं. त्याने निमूटपणे बटण दाबायला सुरुवात केली.

हळूहळू त्याच्या ध्यानात आलं की बटण दाबण्यात दुसरंच एक मरण आहे. स्वतःची पाळी असताना तो पेंगला तर सासू निदान बोंबलायची तरी. बटण दाबलं की ती कान्हूकडे बघायचीच बंद होई. तिचं सगळं लक्ष त्या शेजारच्या पाणीदार डोळ्यांकडे, आणि ते डोळे तर काय, मिटायचं नावच नाही! म्हणजे माणूस जितका जास्त थकलेला, तितकं त्याच्याकडे कमी लक्ष. ही व्यवस्था ज्याला सुचली त्याला खरं तर मंत्री करायला हवं.

घरी यायचा तेव्हा कान्हू पायातल्या चपलेसकट आडवा व्हायचा. बायको हौसा त्याच्या नाकापुढे हात धरून बघायची, श्वास चाललाय ना. एकदा ती म्हणाली, “अवो, त्या बाहुल्याला घरी पाठवा नि तुमी तिकडं बसा. निदान त्यो बाजारात तरी येईल माझ्यासंगं.”

“त्यो नाय यायचा गो. त्याला ड्युटी हाय,” कान्हू म्हणाला आणि वाक्य संपायच्या आत घोरायला लागला.

पौषातल्या एका दुपारची गोष्ट. कान्हू तिरुपूरहून माघारी येत होता. खोपोली मागे पडली होती, पेण अर्ध्या तासावर आलं होतं, आणि घर जवळ आलं की घोड्याला आणि ड्रायव्हरला सारखीच ओढ लागते. गागोद्याच्या फाट्याजवळ रस्त्याच्या कडेला जनी नावाची एक बाई टोपलीत वालाच्या शेंगा घेऊन बसलेली असते. त्या दिवसांत पोपटी लावायला, म्हणजे मडक्यात भाजायला, शेंगा लागतात, मुंबईच्या गाड्या थांबतात, तिचा धंदा बरा चालतो. कान्हूने तिला लांबून पाहिलं. पुढचं त्याला आठवतं ते एवढंच, की कुणीतरी किंचाळलं आणि त्याने डोळे उघडले तेव्हा काचेत रस्ता नव्हता, झाड होतं.

त्याने स्टिअरिंग फिरवलं, ब्रेक मारला, गाडी कडेच्या मातीत धुरळा उडवत थांबली. टोपली चाकाखाली गेली होती. जनी बाजूच्या चरात पडली होती, कोपर सोलवटलेलं, पण जिवंत. ती उठली आणि एक शेंग नाही, मूठभर शेंगा तिने काचेवर फेकून मारल्या.

“मेल्या, निजलावतास काय रं? डोळं हायत का बटणं?”

कान्हू दाराची कडी चाचपत राहिला, ती सापडेना. त्याने शेजारी पाहिलं. निसीमकाका रस्त्याकडे शांतपणे बघत होते. वर सासूचा हिरवा दिवा लागलेला होता, सगळं आलबेल. जनीला टोपलीचे पैसे देताना त्याने तिचे पाय धरले, तेव्हा ती बिचारी घाबरून मागे सरली.

तसाच तो ऑफिसात गेला आणि उभ्या जन्मात पहिल्यांदा शेटपुढे आवाज चढवला. “शेट, काळुरामला परत बोलवा. आज माझ्या हातनं बाई मेली असती.”

मितेशशेटने मोबाइल त्याच्यापुढे धरला. “हे बघ. त्या टायमाला ड्युटी कुणाची? दोन नंबरची. सतर्कता किती? शंभर टक्के. आता तूच सांग, इतका जागा माणूस गाडीत असताना अपघात होईलच कसा?”

“शेट, मी झोपलो व्हतो!”

“मग झोपायलाच पाहिजे व्हतंस. तुझी झोपायचीच पाळी व्हती,” शेट म्हणाला, आणि तो हे खरंच गंभीरपणे म्हणाला. मग जरा नरमाईने, “जमत नसंल तर सांग कान्हूदादा. जबरदस्ती नाय. आपण फॅमिली हाव.”

फॅमिलीतल्या माणसाने मान खाली घातली आणि तो बाहेर पडला. त्या दिवसापासून बटणाकडे हात नेला की त्याला ती किंकाळी ऐकू यायची. तो मिरच्या चावायचा, डोळ्यांना बाम लावायचा, मोठमोठ्याने गवळणी म्हणायचा. एक दिवस आपण कुणाला तरी मारणार हे त्याला सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ दिसत होतं, फक्त कुणाला हेच ठरायचं होतं.

आणि अशात रोह्याहून कंपनीचा फोन आला. सुरक्षा अधिकारी नमिता मॅडम. आवाजात साखर. रस्ता सुरक्षा महिन्यानिमित्त कंपनी सर्वांत दक्ष ड्रायव्हरचा सत्कार करणार होती. “सर, तुमचे निसीमजी! एकदाही पेंगले नाहीत, एकदाही नजर हटली नाही. आमच्या सिस्टीमने असा माणूसच पाहिलेला नाही.”

सिस्टीमचं म्हणणं शब्दशः बरोबर होतं. मितेशशेटला मात्र पंख्याखाली घाम फुटला. बाहुल्याला स्टेजवर कसं चढवणार? मग ‘कान्हूदादा’ अशी आर्त हाक आली. “तू जा अष्टमीला. तुझा उस्ताद ना तो? काय पण कर, त्याला आण.”

निसीमकाकांनीच कान्हूला गाडी शिकवली होती. तो गेला तेव्हा काका ओट्यावर बसून बोंबलाला मीठ लावत होते, नाओमीकाकी आत चहा टाकत होत्या. मुलगा एलियाह तिकडे इस्रायलमध्ये अश्दोदला, दर आठवड्याला बोलावतो, पण काकांना तिथला बोंबील पटत नाही, म्हणून ते इथेच. कान्हूने घडाघडा सगळं सांगितलं. लायसन्स, प्रणित, बटण, जनी. सांगता सांगता त्याला रडू फुटलं.

काकांनी हातातला बोंबील खाली ठेवला. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

“माझी मूर्ती केलीत?”

“व्हय, काका.”

“अरे, आमच्यात मूर्ती करत नाय! सगळ्या दुनियेत तुमाला मूर्ती करायला ज्यूच गावला?”

“पेण हाय, काका,” कान्हू ओशाळून म्हणाला. “आमाला दुसरं काय येतंय?”

आतून काकींच्या हसण्याचा आवाज आला. काका मात्र हसले नाहीत. मग त्यांनी एकदम विचारलं, “ही मूर्ती शनवारी पण गाडीवर असते?”

“रोजच असते.”

आता काका उठूनच उभे राहिले. “थोरल्या शेटनं जलमात कधी मला शनवारी गाडीवर पाठवलं नाय. आमचा शब्बाथ म्हणून शुक्रवारी दिवेलागणीला गाडी उभी, ती शनवारी चांदण्या दिसेपर्यंत. माझ्या आज्याचा तेलाचा घाणा व्हता, तो शनवारी कधी फिरला नाय. घाण्याचा बैल पण उभा राह्यचा. बैलाला सुट्टी व्हती, कान्हू! आणि हा कालचा पोरगा माझ्या नावानं शनवारी गाडी पळवतो?”

कान्हू मान खाली घालून बसला. लायसन्सची चोरी राहिली बाजूला, काकांचा जीव शनिवारासाठी तुटत होता. आणि बैलाचं ऐकून कान्हूच्या मनात एक विचार येऊन गेला, की आपल्याला कुणी घाण्याला जुंपलं असतं तर बरं झालं असतं.

“काका, तुमी आला नाय तर माझी नोकरी जाते,” तो म्हणाला. “आणि आला तर खोटं बोलाया लागंल.”

“मी खोटं बोलणार नाय. विचारतील तेवढं खरं सांगीन.” काकांनी मिठाचे हात धुतले. “कधी हाय तो सत्कार?”

“गुरुवारी.”

“मग येतो.”

सत्कार रोह्यातल्या एका हॉलमध्ये झाला. ड्रायव्हर लोकांना सकाळी लवकर बोलावलं होतं आणि साहेब लोक उशिरा आले, त्यामुळे प्रेक्षकांतले अर्धे ड्रायव्हर दक्षतेवरच्या भाषणात गाढ झोपले होते. निसीमकाका इस्त्रीचा शर्ट घालून स्टेजवर बसले. पहिल्या रांगेत मितेशशेट, बोटं एकमेकांत अडकवून. बक्षीस म्हणून शाल, श्रीफळ, प्रमाणपत्र आणि मानेभोवती घ्यायची एक मऊ उशी. कधीच न झोपणाऱ्या ड्रायव्हरला उशी देण्याची कल्पना कुणाची होती ते कळलं नाही.

नमिता मॅडमनी माईक पुढे केला. “काका, या वयात इतकी दक्षता! याचं रहस्य काय?”

“शनवार,” काका म्हणाले.

हॉलमध्ये हशा पिकला. काका हसले नाहीत. “मी गाडीवर व्हतो तवा दर शनवारी झोपलो. देवाचा हुकूम हाय आमच्यात. म्हणून बाकीचे दिस जागा राह्यलो. मला ही शाल नको. द्यायचंच असंल तर एक द्या. माझ्या नावाची गाडी शुक्रवारी दिवेलागण झाली की उभी राह्यली पाहिजे, ती शनवारी चांदण्या दिसेपर्यंत.”

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. कंपनीच्या मोठ्या साहेबांना तर भरूनच आलं, कारण सर्व धर्मांचा आदर करावा असं परदेशातून पत्र आलेलं होतं आणि ते कुठे करावं हे त्यांना इतके दिवस सुचत नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की या गाडीला तसं लॉकच बसेल. त्या वेळात गाडी एकदा बंद केली की पुन्हा सुरूच होणार नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवत होता मितेशशेट, आणि त्याचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला होता.

अशी एका फायबरच्या बाहुल्याला आठवड्याची सुट्टी मिळाली. जिवंत माणसाला पाय धरूनही मिळाली नसती. खाली उतरल्यावर काकांनी उशी कान्हूच्या हातात कोंबली. “मला काय करायची ही? तू घे.”

पण शेट म्हणजे शेट. त्याने दोन दिवसांत पळवाट शोधली. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी पहाटे कान्हू तिरुपूरहून येऊन टेकला, त्याला घरीही जाऊ न देता रोह्याला पुन्हा माल भरायला पाठवलं. दुपारी ड्रम चढले, तेव्हा फोन आला.

“नीट ऐक. तुझे तास सकाळीच संपलेत. निघतानाच बटण दाब, ड्युटी दोन नंबरची. आणि मुख्य म्हणजे इंजिन बंदच करू नको. चालू गाडी बंद करायची पावर त्यांना नाय, मी विचारून घेतलंय. बंद केलीस तरच लॉक लागतं. चहा प्यायचा तर चालू गाडीत, मुतायचं तर चालू गाडी सोडून. उद्या रात्रीपर्यंत थांबायचं काम नाय.”

“शेट, मी सलग दोन दिवस झोपलो नाय.”

“बंद केलीस तर सोमवारी गेटात पाय ठेवू नको,” शेट म्हणाला. “सावकाश जा.”

कान्हूने बटण दाबलं. नागोठणे गेलं, वडखळ गेलं, पेण आलं. रामवाडीच्या पाटीवरून तो पुढे गेला, घरी वाट बघणारं माणूस डाव्या हाताला खाडीकडे राहिलं. खोपोलीच्या रस्त्याला लागला तेव्हा ऊन पिवळं झालं होतं आणि त्याचे डोळे मिटायला लागले होते. मिरची संपली. गवळण दुसऱ्या ओळीवरच अडकली. शेजारी निसीमकाका टक्क जागे.

गागोद्याचा फाटा जवळ आला. जनी तिच्या जागेवर होती, नवी टोपली घेऊन, उरलेल्या शेंगा आवरत. गाडी ओळखून ती लगबगीने उठली आणि टोपलीसकट झाडामागे जाऊन उभी राहिली. बाईने शिवी दिली असती तरी चाललं असतं. ते झाडामागे जाणं कान्हूच्या काळजात सुरीसारखं घुसलं. ज्याच्या चाकाखाली कोंबडी आली नव्हती, त्याला बघून माणसं आता लपायला लागली होती.

त्याने गाडी कडेला घेतली. दिवेलागण झालीच होती. इंजिन धडधडत होतं. त्याने किल्लीवर हात ठेवला, एकदा प्रतिक्षाचा चेहरा डोळ्यांपुढे आणला, एकदा झाडामागचं लुगडं बघितलं, आणि किल्ली फिरवली. गाडी गप्प झाली. इतकी शांतता त्याने कित्येक महिन्यांत ऐकली नव्हती.

उशी मानेखाली घेऊन तो सीटमागच्या झोपायच्या फळीवर आडवा झाला, पण ते पाणीदार डोळे आरशातून त्याच्याकडेच बघत होते. “काका, आता शब्बाथ लागला. मिटा की,” तो पुटपुटला आणि उठून त्याने आपला पंचा बाहुल्याच्या डोळ्यांवर बांधला.

सासूने जी किंकाळी फोडली! “चालक सो रहा है! चालक सो रहा है!” लाल दिवा चमकायला लागला. बटण दाबून ड्युटी परत आपल्याकडे घ्यायचं कान्हूच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. लगेच फोन वाजला. शेट.

“अरे, निसीमचे डोळे उघड! माझ्या मोबाइलवर सगळं लाल आलंय! गाडी का बंद केली?”

“दोन नंबरची ड्युटी हाय शेट. त्यालाच विचारा,” कान्हू म्हणाला आणि फोन ठेवला.

तेवढ्यात पुन्हा वाजला. नमिता मॅडम होत्या, आवाज घाबरलेला. “निसीमकाका ठीक आहेत ना? पहिल्यांदाच डोळे मिटलेले दिसतायत. त्यांना उठवू नका, पाणी द्या, मी खोपोलीहून डॉक्टर पाठवते. आणि गाडी अजिबात पुढे नेऊ नका. माणसापेक्षा माल मोठा नाही.”

हे वाक्य आपल्यासाठी कुणीतरी म्हणावं याची कान्हूने किती वाट बघितली होती! ते आलं, तर फायबरसाठी.

“आणि माझं काय, ताई?”

“तुमचं?” मॅडम खरोखरच गोंधळल्या. “तुम्ही कान्हू ना, एक नंबर? तुम्ही तर दुपारपासून झोपलेले दिसताय. तुमची विश्रांती आमच्या सगळ्या ड्रायव्हरांत उत्तम आहे. तुम्हाला काय झालं?”

कान्हूने सांगून टाकलं. “ताई, डॉक्टर नको. तुमचे काका अष्टमीला घरी हायत. हा फायबरचा हाय, पेणला बनवलेला. पयल्यापासनं.”

पलीकडून कीबोर्डचा खडखडाट ऐकू आला.

“मग इतके महिने गाडी कोण चालवत होतं?”

“तुमच्या मशीनमधी जो झोपलेला दिसतोय ना ताई,” कान्हू म्हणाला, “तोच.”

त्याने फोन बंद केला आणि उशीवर डोकं टेकलं. सोमवारी गेट उघडणार नव्हतं हे त्याला माहीत होतं. सासू डोक्यावर बोंबलत होती, “कृपया विश्राम करें! कृपया विश्राम करें!” आणि आयुष्यात पहिल्यांदा कान्हू तिचं ऐकत होता. अंधार पडता पडता जनी हळूच झाडामागून पुढे आली, तिने काचेतून आत डोकावून बघितलं आणि गाडी नक्की उभीच आहे याची खात्री करून टोपली डोक्यावर घेतली.